टाक्यावरची बालदी

शेवटच्या वर्षात उपेंद्र पाठाऱ्यांच्या बशीतला चहा नेहमी त्यांच्याच अंगावर सांडायचा. मनोरमाबाई करवादायच्या, "अहो, लहान मूल परवडलं! बशी सरळ धरा." ते बशी सरळच धरायचे. शुभ्रा तेव्हा बारावीत होती. टेबलाच्या पलीकडून तिला स्पष्ट दिसायचं की बशी आडवी आहे आणि चहा मात्र बाबांच्या बाजूच्या काठावर चढलाय. टेबल वाकडं असणार, असा तिनं निष्कर्ष काढला आणि एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. चहा सांडायचा थांबला नाही.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. साखर नव्हती, ब्लडप्रेशर नव्हतं, घराण्यात कुणाला काही नव्हतं. अबुधाबीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट मुंबईला पाठवले, तिथल्यांनीही खांदे उडवले. हातात राहिली एकच गोष्ट, पाण्यावर बंदी. दिवसभरात मोजकं, तेही घोटाघोटानं. हॉस्पिटलात एका दुपारी नर्सनं सांगितलं म्हणून शुभ्रानं उशाजवळची पाण्याची बाटली उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बाबांनी मागितली नाही. ते फक्त बाटलीकडे बघत राहिले. संध्याकाळी त्यांचे डोळे मिटावे लागले तेव्हाही नजर तिकडेच होती.

तेव्हापासून मनोरमाबाई रोज रात्री पलंगाच्या त्यांच्या बाजूला तांब्याभर पाणी ठेवायच्या, वर भांडं पालथं घालून. सकाळी ते जसंच्या तसं बाल्कनीतल्या तुळशीला जायचं.  शुभ्राला पाणी नको होतं, बाबा का गेले याचं कारण हवं होतं. पुण्याला जाऊन ती भूशास्त्र शिकली, ते बहुधा त्याचसाठी. दगड का वाकला, थर का तुटला, याला तिथं उत्तर सापडतं.

एम.एस्सी. करून ती परत आली तेव्हा तिला नोकरी लावली चारुकाकांनी. चारुदत्त मोघे हे नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत मुख्य सर्व्हेअर होते. बाबा त्यांच्याच हाताखाली होते, डोंगरांमध्ये दोघं मिळून फिरले होते. गोल चेहरा, मोठा आवाज, गणपतीच्या मंडळात नाटकाची तालीम असो की कुणाच्या मुलाची ॲडमिशन, चारुकाका पुढे. टेबलावर मात्र पाण्याच्या बाटल्यांची रांग लावलेली असायची. "शुगर नाहीये हां," ते कुणी विचारायच्या आत सांगत, "तीन वेळा चेक केली. आपली तहानच रॉयल आहे!"

पहिल्याच दिवशी त्यांनी तिला जीपीएसच्या रिसीव्हरपुढे बसवून धडा दिला. "हे बघ शुभ्रा, बिंदूवर सेशन, म्हणजे मोजणी, सुरू झालं की यंत्राला हात लावायचा नाही, जागा सोडायची नाही. बाप मेला तरी उठायचं नाही." मग त्यांनी जीभ चावली. "सॉरी गं. तोंडातून निघून गेलं."

"It's okay, Kaka," शुभ्रा म्हणाली. लहानपणापासून काही दुखलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

*

त्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर आलं ते रुऊस अल जिबालचं काम. रास अल खैमाच्या मागे चुनखडीचे डोंगर भिंतीसारखे उभे राहतात. त्यांच्या कण्यावरून अमिरात आणि ओमान यांची सरहद जाते. सरहद नक्की कुठली हे ठरवणं कंपनीचं काम नव्हतं. ते दोन सरकारांचं. कंपनीनं फक्त उंचसखल भागाचं मॉडेल करून द्यायचं होतं, म्हणजे पावसाचं पाणी कुठून अमिरातीकडे वळतं आणि कुठून ओमानकडे, हे कळलं असतं. पाणलोटाची रेघ. अशा डोंगरात सरहद बहुतेक त्या रेघेवरूनच जाते.

शुभ्रानं उंचीचे आकडे भरले आणि कॉम्प्युटरला प्रत्येक चौकोनातून पाणी कुठे वाहील ते काढायला लावलं. पडद्यावर निळ्या रेघा उमटल्या. सगळ्या डोंगरमाथ्यांवरून त्या खाली उतरत होत्या. एका माथ्यावर मात्र त्या वर चढत होत्या. दोन्ही देशांच्या उतारांवरून, सगळ्या बाजूंनी, कण्यावरच्या एका ठिपक्याकडे. तिथं कंपनीचा जुना सर्व्हेचा खांब होता.

असा खोटा खळगा मॉडेलमध्ये कधीकधी निघतो आणि आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे वळतं. आकड्याची चूक असते. त्यावर उपायही ठरलेला: खळगा भरून टाकायचा. एक आज्ञा दिली की प्रोग्राम आजूबाजूच्या उंचीपर्यंत तो भरतो आणि पाणी पुढे वाहू लागतं. शुभ्रानं भरला. रेघा सरळ झाल्या. ती चहा घेऊन परत आली तेव्हा त्या पुन्हा खांबाकडे चढलेल्या होत्या.

तिनं मूळ आकडे तपासले. चूक नव्हती. पुन्हा भरला. पुन्हा उघडला.

"अरे, हा तर माझा खांब!" चारुकाका तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात मी आणि तुझ्या बाबानं ओतला. बालदीचा किस्सा माहितीये ना तुला?"

तिला किस्सा होता एवढंच माहीत होतं. गणपतीच्या जेवणानंतर चारुकाका तो सांगायला लागले की मोठी माणसं हसायची आणि बाबा उठून बाल्कनीत जायचे. ती तेव्हा मुलांच्या खोलीत असायची.

"वर जाऊन सांगतो," काका म्हणाले. "जागेवरच मजा आहे. बिंदू पुन्हा मोजू, खलास. माझाही व्यायाम होईल."

*

वादी बीहच्या कोरड्या पात्रातून दौलतनं जीप नेली. दौलत पेशावरकडचा, कंपनीचा जुना ड्रायव्हर, कच्चा रस्ता संपला तिथं त्यानं गाडी सावलीला लावली आणि म्हणाला, "साब, मैं इधर ही है. शाम से पहले आना." जानेवारी होता. हवेत गारवा होता. दोन्ही बाजूंना करड्या चुनखडीचे थर वह्यांच्या गठ्ठ्यांसारखे रचलेले, मधूनमधून दगडात शिंपल्यांचे ठसे. कधीकाळी हा सगळा समुद्राचा तळ होता. शुभ्राला तो विचार नेहमी आवडायचा. त्या दिवशीही आवडला.

वाट गुरांची होती. चढताना चारुकाका दर वळणावर थांबून पाणी प्यायचे. पाठीवरच्या पिशवीत त्यांनी कपड्यांपेक्षा बाटल्याच जास्त भरल्या होत्या. वर पोचेपर्यंत निम्म्या रिकाम्या झाल्या.

माथ्याखालच्या सपाटीवर वस्ती होती. दगडी बांधांची शेतं, रानबदामाची झाडं, आणि जमिनीत अर्धी पुरलेली चार-पाच दगडी घरं. त्यांची दारं एवढी ठेंगणी की रांगतच आत जावं लागेल. प्रत्येक दाराला लाकडी कुलूप. "उन्हाळ्यात ही माणसं धान्य आत कोंडून समुद्रावर जातात, खजुराला," काका धापा टाकत म्हणाले. "तेव्हा आम्ही आलो होतो, चिटपाखरू नव्हतं."

आज एक म्हातारी होती. काळा झगा, चेहऱ्यावर इकडच्या बायका लावतात तो ताठ बुरखा, त्यातून फक्त डोळे. भिंतीला टेकून ती शेळ्यांकडे बघत बसली होती. काकांनी "सलाम आलेकुम" केलं. तिनं मान हलवली. तिच्या शेजारीच पाण्याचं टाकं होतं, खडकात कोरलेलं, आपल्या गडांवर असतं तसं. फक्त तोंड अरुंद, विहिरीच्या गळ्यासारखं, आणि वर फळ्यांचं झाकण.

तिथून हाकेच्या अंतरावर, बरोबर कण्यावर, खांब उभा होता.

शुभ्रानं जवळ जाऊन पाहिला. खालचा भाग दगडांचा चौथरा. वरचा मात्र गोल, खाली रुंद आणि वर निमुळता, आणि पोटावर दोन आडव्या वळ्या. कॉन्क्रीटच्या खांबाला असा आकार कुणी देत नाही. तिनं वळीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. उन्हात उभ्या असलेल्या सात वर्षांच्या कॉन्क्रीटला दमटपणा कसला, ते तिला कळलं नाही.

तिनं माथ्यावर अँटेनाची बैठक बसवली. बैठकीला गोल काच असते, काचेत द्रव आणि त्यात बुडबुडा. तीन स्क्रू फिरवून बुडबुडा मधल्या वर्तुळात आणला की बैठक समतल. तिनं आणला. तेवढ्यात काका तिच्या उजवीकडे येऊन उभे राहिले आणि बुडबुडा डावीकडे सरकला.

तिनं पुन्हा स्क्रू फिरवले. काका खांबाला वळसा घालून डावीकडे गेले. बुडबुडा उजवीकडे आला.

चौथरा हलत असेल म्हणून तिनं दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. हलला नाही. "काका, जरा मागे जा. आता इकडून या." ते हसत फिरले, तिला वाटलं खांबाभोवती कुणी प्रदक्षिणा घालतंय, आणि बुडबुडा काचेत त्यांच्यापासून लांब लांब पळत राहिला. बुडबुडा पळतो तेव्हा द्रव उलट्या बाजूला चढलेला असतो. म्हणजे काचेतला तो थेंबभर द्रव काकांकडे झुकत होता.

तिला टेबलाखालची वर्तमानपत्राची घडी आठवली.

"काय गं, भूत पाहिलंस का?"

"तुम्ही भिंतीशी बसा, काका," ती म्हणाली. "मी लावते." ते लांब गेल्यावर बुडबुडा कसाबसा वर्तुळात आला. तिनं रिसीव्हर सुरू केला. हिरवा दिवा लुकलुकू लागला. सेशन सुरू झालं.

*

काका म्हातारीपासून थोड्या अंतरावर भिंतीवर बसले आणि मोठ्यानं बोलू लागले, शुभ्राला ऐकू जावं म्हणून.

"तर किस्सा ऐक! आम्ही सिमेंट वर चढवलं, रेती चढवली, आणि बघतो तर खांबाचा पत्र्याचा साचा खाली जीपमध्ये! मे महिन्याचं ऊन. तुझा बाबा म्हणाला, साहेब, मी उतरून आणतो. म्हटलं, वेडा का काय? वर येईपर्यंत तुझं श्राद्ध घालावं लागेल. आणि इथं या टाक्यावर बालदी. पत्र्याची, जाड, मस्त. भरून ठेवलेली होती, दोर बांधलेला. म्हटलं, यल्ला, चला! पाणी ओतलं सिमेंटमध्ये, तुझ्या बाबानं बुड कापलं, उलटी करून ठोकली, दोरानं आवळली, ओतलं कॉन्क्रीट. साचा हजर! परफेक्ट सेंटरिंग. सगळ्या डिपार्टमेंटमध्ये माझं नाव झालं. 'बालदी मोघे!'" ते स्वतःच हसले. "तुझा बाबा मात्र रडक्या तोंडाचा. म्हणे, परत आणून ठेवू. अरे, आणू, आणू. कोण येतंय इथं?"

"माजा सालेह आलता," म्हातारी म्हणाली.

मराठीत. कोकणातल्या, जुन्या, गंज चढलेल्या मराठीत. काकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"आजी, तुम्ही..." शुभ्रा उठायला गेली आणि पुन्हा बसली. सेशन चालू होतं.

"मरियमबी माजा नाव. बाणकोटची मी. ह्यांचा गलबत आमच्या खाडीत यायचा, त्याच्यावरनं आले हितं लगीन करून. पोर होते तवा." ती काकांकडे बघत नव्हती, खांबाकडे बघत होती. "ती बालदी माजे घरची. आमी उन्हाळ्यात खाली उतरतूं, तवा टाक्यावर भरून ठेवतूं. हितला रिवाज. जो पियेल त्यानं पुढच्याला भरून ठेवायची. चढून आलेल्याच्या हातात जोर नसतो गो पानी ओढायला. त्येनं आयता पियाचा, मग दम घ्यायचा, मग दुसऱ्याला भरायचा."

"आणि सालेह?" शुभ्रानं विचारलं.

"माजा थोरला. पलीकडनं आला, दिब्ब्याकडनं. घराची कुलपां बघायला. उन्हाळ्यात बरोबर पानी किती घ्यावां? टाका हायच म्हणून निगाला." तिनं हातानं टाक्याचं तोंड दाखवलं. "आत पानी होता. दिसत होता. हाताला येत नवता. त्येनं डोईचा कपडा फाडला, अंगावरचा फाडला, गाठी मारल्या. हाताएवढा कमी पडला. आमी आलूं तवा तो हितं पालथा होता. हात आत."

कुठेतरी शेळीची घंटी वाजली.

"आत उडी घातली असती तर पानी मिळाला असता, वर कोन काढनार?" ती म्हणाली. "बालदी कोनी नेली, मला ठाव नवता. खांब बघायचे रोज. वळ्या वळखीच्या वाटायच्या. आज कळला."

काकांनी बाटली तोंडाला लावली आणि रिकामी केली. "आजी, फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण अपघात आहे हा. एका बालदीनं माणूस मरतो का? आणि आम्हाला काय माहीत... असं करा, मी उद्याच दौलतबरोबर दहा बालद्या पाठवतो. प्लॅस्टिकच्या, चांगल्या. पाच दिरहमला एक मिळते, आपले साठ-पासष्ट रुपये, काही प्रश्न नाही."

 शुभ्राच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलातला खिडकीचा कट्टा आला. त्यावर बाटली, आणि तिच्याकडे लागलेली नजर. दिसत होतं, हाताला येत नव्हतं. ती बाटली तिथं तिनं ठेवली होती. इतकी वर्षं तिनं कारण शोधलं होतं, आणि कारण समोर भिंतीवर बसून दुसरी बाटली उघडत होतं.

"बाबांनी परत यायला सांगितलं होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"अगं, त्याचं काय घेऊन बसलीस? तो हळवा होता. वर्षभर मागे लागला होता, साहेब, नवी बालदी ठेवून येऊ. मी म्हटलं, फील्ड सीझन संपला, जीप कोण देणार? सही मला करायची असते." त्यांनी दुसरी बाटली संपवली, तिसरी उघडली. "आज ऊन जास्त आहे नाही?"

ऊन कोवळं होतं. शुभ्रानं स्वेटर घातलेला होता.

तिसरी संपली. मग त्यांनी पिशवी उलटी केली. मग ते शुभ्राची बाटली मागायला आले आणि तिनं ती दिली. ते जवळ येताच काचेतला बुडबुडा पलीकडच्या कडेला जाऊन चिकटला. त्यांनी एका दमात बाटली रिकामी केली. ओठांना कोरड पडून भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगा तिच्या देखत वाढत होत्या.

"टाक्यात पाणी आहे ना, आजी?"

"हाय," मरियमबी म्हणाली. "बालदी नाय. तवापास्नं ठेवली नाय."

काकांनी झाकणाच्या फळ्या सरकवल्या आणि गुडघ्यांवर बसून आत डोकावले.

"अगं, हे तर वर आलंय!" त्यांचा आवाज आनंदानं फुटला. "इकडच्या बाजूनं वर चढतंय. हाताशी आलंय, शुभ्रा! हे बघ..."

त्यांनी हात घातला. मग खांदा. मग तिला त्यांचे बूट दिसले, आणि मग तेही दिसले नाहीत.

पाण्याचा मोठा आवाज झाला.

*

"शुभ्रा!" टाक्यातून हाक आली. तीत हसू होतं. "यल्ला, दोर आण! तुझा काका पडला विहिरीत. छातीभर पाणी आहे, काळजी नको. लागलं नाहीये."

दोर तिच्या पिशवीत होता. नायलॉनचा, नवा. तिनं तो काढला, उलगडला, गाठ तपासली.

मरियमबी टाक्याकडे बघत नव्हती. शुभ्राकडे बघत होती.

शुभ्रानं दोर मांडीवर ठेवला. रिसीव्हरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सेशन संपायला अवकाश होता.

"ऐकू येतंय का? दोर टाक!"

"सेशन चालू आहे, काका," ती म्हणाली.

 पुढची हाक आली तेव्हा तीतलं हसू गेलं होतं.

"थट्टा पुरे. इथं धरायला काही नाही. भिंत गुळगुळीत आहे."

तिनं काचेकडे पाहिलं. बुडबुडा टाक्यापासून लांबच्या कडेला चिकटलेला होता, थरथरत.

"शुभ्रा, पाणी कमी होतंय गं."

"शुभ्रा, पोटऱ्यांपर्यंत आलं. कुठे चाललंय हे?"

खांबाच्या वळ्यांवर ओल जमू लागली होती. थेंब धरत होते, आणि ते खाली न ओघळता तिथंच थांबले होते.

"पाणी दे." आवाज आता घशातून खरवडून येत होता. "शुभ्रा, पाणी. एक घोट. बाळा."

बाबांनी मागितलं नव्हतं. तेवढंच तिच्या मनात आलं. त्यांनी एकदाही मागितलं नव्हतं.

"तुजा काम सरूं दे," मरियमबी हळूच म्हणाली.

आत नखं दगडावर घासल्यासारखा आवाज आला. मग तोही नाही.

काचेतला बुडबुडा कडेपासून सुटला. सावकाश सरकत आला आणि वर्तुळाच्या मधोमध थांबला.

शुभ्रानं सेशन पूर्ण केलं. रिसीव्हर बंद केला, अँटेना उतरवली, पेटीत ठेवली, पेटीला कडी लावली. मग दोर घेऊन ती टाक्याकडे गेली.

आत पाणी नव्हतं. ओलही नव्हती. तळावर पांढरी, बारीक धूळ होती, आणि चारुकाका तिच्यात पालथे पडले होते. एक हात वर, भिंतीला लागलेला.

*

पोलिसांना मरियमबीनं अरबीत जबानी दिली. माणूस वाकला, तोल गेला, मुलीनं लगेच दोर टाकला. पण त्याच्या हातात जोर नव्हता. शुभ्राला जबानीचा हिंदी अर्थ दौलतनं सांगितला. तो सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

डॉक्टरनं हार्ट अटॅक लिहिला. चारुकाकांच्या शालकाला मात्र तो खासगीत म्हणाला, की असं शरीर उन्हाळ्यात वाळवंटात हरवलेल्यांचंच सापडतं, आणि तेही बऱ्याच दिवसांनी.

ऑफिसात शुभ्रानं नवे आकडे भरले. खळगा नव्हता. कण्यावरून निळ्या रेघा दोन्ही बाजूंना उतरत होत्या, काही अमिरातीकडे, काही ओमानकडे. तिनं मॉडेल जमा केलं. नंतरच्या आठवड्यात ती दौलतला घेऊन पुन्हा वर गेली आणि पत्र्याची एक जाड बालदी आणि नवा दोर टाक्यावर ठेवून आली. टाकं पुन्हा अर्धं भरलेलं होतं. मध्ये पाऊस झाला नव्हता. मरियमबी वस्तीवर नव्हती. शुभ्रानं बालदी सोडली, भरून काढली, ओंजळीनं थोडं पाणी प्यायली आणि मग रिवाजाप्रमाणे पुढच्यासाठी भरून फळ्यांवर ठेवली. पाणी गोड होतं. जरा खडूसारखं लागलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोरमाबाईंनी तिला हाक मारून उठवलं. त्यांचा आवाज विचित्र होता, घाबरलेला नाही, हळवा. "इकडे ये गं. बघ."

बाबांच्या बाजूचा तांब्या रिकामा होता. आतून कोरडा ठणठणीत, तळाला पांढऱ्या धुळीची रेघ.

"प्यायले गं ते," मनोरमाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी नेऊन रडू लागल्या. "इतक्या वर्षांनी प्यायले."

शुभ्राचंही मन भरून आलं. तिनं आईला जवळ घेतलं, पलंगावर बसवलं. मग तिचं लक्ष भांड्याकडे गेलं. रोज तांब्यावर पालथं असणारं भांडं सुलटं करून शेजारी ठेवलेलं होतं, काठोकाठ भरून.

पुढच्यासाठी.

ते पलंगाशेजारच्या सपाट टेबलावर होतं. त्या टेबलाच्या पायाखाली घडी नव्हती. तरी भांड्यातलं पाणी एका बाजूला चढलेलं होतं, शुभ्राच्या बाजूला.

ती उठली आणि पलंगाला वळसा घालून आईच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

थेंबही न सांडता पाणी भांड्यात फिरलं आणि तिच्याकडच्या काठावर चढून थांबलं.